रस्ता सोडून जायचं कुठे?

कट्ट्यावर गाड्यांचा विषय निघाला की पहिलं नाव थारचं येतं, मग थार रॉक्स, मग कुणीतरी हळूच 'जिम्नी पण भारी आहे रे' म्हणतं आणि शेवटी एखादा गुरखाचा भक्त आपलं घोडं पुढे दामटतो. सरावलीच्या नाक्यापासून पास्थळपर्यंत हेच. आयटीआय झालं, डिप्लोमा झाला, एमआयडीसीत चिकटलो की दोन वर्षांत थार, असा हिशेब कित्येकांनी मनात मांडून ठेवलाय. तुम्ही स्वतः लगेच घेणार नसालही. पण घरात दादा घेणार असतो, काका घेणार असतात आणि 'तू रिव्ह्यू बघतोस ना, सांग कुठली घेऊ' हा प्रश्न तुमच्याकडेच येतो. उत्तर चुकलं तर पुढची सात वर्षं हप्ता घरच भरणार आहे. म्हणून जरा नीट बोलू.

आधी एक गोष्ट साफ करू. रस्त्यावर दिसणारी प्रत्येक थार ही ऑफ-रोड गाडी नसते. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने थारचं मागच्या चाकांवर चालणारं मॉडेल आणलं, सुरुवातीची किंमत ९.९९ लाख एक्स-शोरूम. दिसायला तीच, बॉनेट तेच, रुबाब तोच, पण ती फोर बाय टू आहे. इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. चिखलात मागचं एक चाक नुसतंच फिरायला लागलं की पुढची दोन चाकं काहीच करू शकत नाहीत. फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना ताकद जाते. शिवाय 'लो रेंज' नावाचा दुसरा गिअर असतो, त्याने गाडी मुंगीच्या चालीने, पण पूर्ण जोर लावून चढते-उतरते. हा लो रेंज नसेल तर ती गाडी उंच आहे, दणकट दिसते, एवढंच म्हणावं. त्यात वाईट काही नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

गंमत अशी की आता करही याच बाजूने झुकलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली, १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते. थारचं दीड लिटरचं डिझेल यात बसतं, आणि ते इंजिन मिळतं ते फोर बाय टूमध्येच. जिम्नीही चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आणि पेट्रोलची मर्यादा १२०० सीसी. म्हणून खरोखर चारही चाकांवर चालणारी, लहानशी, हलकी जिम्नी ४० टक्क्यांच्या रांगेत. सरकारने काही मुद्दाम केलं नाहीये, पण परिणाम हा आहे: रुबाब स्वस्त, चार चाकांची ताकद महाग.

आता गाड्यांकडे येऊ.

तीन दरवाज्यांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची कंपनीची मर्यादा. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. फोर बाय फोर घेतली तर ती नाव राखणारी गाडी आहे, यात वाद नाही. पण मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं, मागच्या काचा उघडत नाहीत आणि चार माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही. मित्रांबरोबर जव्हारला जाताना हे चालून जातं. घरातली एकमेव गाडी म्हणून घेतलीत तर पहिल्या लग्नसराईतच कळेल.

रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला १२.९९ लाखांपासून आली. पाच दरवाजे, भारत एनकॅपचे पाच तारे, मागे माणसासारखं बसता येतं. फोर बाय फोर मात्र फक्त डिझेलमध्ये आणि वरच्या मॉडेलांत. म्हणजे १२.९९ चा आकडा बघून स्वप्न रंगवलंत तर ते फोर बाय टूचं स्वप्न आहे. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढलंय, २८५० मिलिमीटर. अंतर जितकं लांब तितकं उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट घासण्याची शक्यता जास्त. हायवेवर हेच अंतर गाडीला स्थिर ठेवतं. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं, असं प्रत्येक गाडीत असतंच.

फोर्सची गुरखा म्हणजे आपल्या पुण्याच्या कंपनीचा हट्ट. २.६ लिटरचं डिझेल, २३३ मिलिमीटर क्लिअरन्स, ७०० मिलिमीटर पाणी आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना कारखान्यातूनच बसवलेलं डिफरन्शियल लॉक. हे लॉक म्हणजे काय, तर एक चाक हवेत लटकत असलं तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहते. या किमतीत असं दुसरं कुणी देत नाही. बाकी आत बसल्यावर जे गुळगुळीत, चकचकीत लागतं त्याची अपेक्षा ठेवू नका. शेताची, खाणीची, जंगलखात्याची कामं असतील त्यांच्यासाठी ती आहे. कॉलेजच्या गेटसमोर उभी करायला फार महागात पडते.

आणि जिम्नी. जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून आली तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी नाकं मुरडली. 'खेळणं आहे', 'एवढ्या पैशात हे?' वगैरे. हीच पाच दरवाज्यांची, गुरुग्रामला बनलेली जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानच्या बाजारात उतरली. चार-पाच दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास ऑर्डरी आल्या, तेव्हा सुझुकीला बुकिंगच थांबवावं लागलं. जपान्यांना जे दिसलं ते आपल्याला का दिसलं नाही? उत्तर सोपं आहे: तिला रुबाब नाही. वजन जेमतेम १२०० किलो, रुंदी १६४५ मिलिमीटर, प्रत्येक मॉडेलला फोर बाय फोर आणि लो रेंज. हलकी असल्याने चिखलात कमी रुतते, अरुंद असल्याने पाड्यावरच्या वाटेत दोन्ही बाजूंच्या करवंदीच्या जाळ्या न ओरबाडता जाते. १०५ पीएसची ताकद हायवेवर मात्र कमी वाटते, डिक्की चारही सीटा वर असताना २०८ लिटरचीच, आणि २०१८ मध्ये युरो एनकॅपने छोट्या जिम्नीला तीनच तारे दिले होते. हेही लक्षात ठेवा.

हे सगळं वाचून 'मग कुठली?' असं विचारण्याआधी मला तुम्हाला एक उलटा प्रश्न विचारायचाय. रस्ता सोडून जायचं कुठे?

कारण आपल्या भागात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण एकच देतात: बीच. नांदगाव, चिंचणी, केळवे. गाडी घेतली की पहिला रविवार, ओहोटीची वेळ, ओल्या वाळूवर एक गोल चक्कर, मित्राच्या हातात मोबाइल. आणि हीच जागा सगळ्यात वाईट. आपले किनारे सपाट आहेत, ओहोटीला पाणी लांब जातं आणि भरतीला तितक्याच लांबून, पण अंदाजापेक्षा लवकर परत येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका. वर कडक दिसणाऱ्या वाळूखाली गाळ असतो. दोन टनांची गाडी थांबली की चाकं बसतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आणखी खोल जातात. सातपाटीच्या किंवा चिंचणीच्या कुठल्याही कोळीदादाला विचारा, उधाण कधी आणि भांग कधी ते तो कॅलेंडर न बघता सांगेल. आपण मात्र टायरचा साईज पाठ करतो, भरतीची वेळ नाही.

जून २०२४ मध्ये कच्छमध्ये मुंद्र्याजवळ रीलसाठी दोन थार समुद्राच्या पाण्यात घातल्या गेल्या. दोन्ही अडकल्या, गावकऱ्यांना मदतीला यावं लागलं आणि वर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्या वर्षाच्या अखेरीस आपल्या रेवदंड्याच्या वाळूत चक्क फेरारी रुतली. ती बाहेर काढली बैलगाडीने! तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी हसत हसत फॉरवर्ड केला असेल. गाडीत खारं पाणी गेलं की पुढे हसू येत नाही. वायरिंग, ब्रेक, चॅसी सगळीकडे गंज धरतो. इंजिनात पाणी शिरलं तर साध्या विमा पॉलिसीत त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत, त्यासाठी वेगळं 'इंजिन प्रोटेक्ट' घ्यावं लागतं. आणि तुम्ही स्वतःच गाडी समुद्रात घातलीत म्हटल्यावर विमा कंपनी तिथेही शंभर प्रश्न विचारणार. शिवाय किनारा काही मोकळं मैदान नाही. तिथे बोंबील सुकतात, होड्या ओढल्या जातात, लहान पोरं खेळतात. आपल्या करमणुकीसाठी त्यांनी बाजूला व्हायचं, हा कुठला न्याय?

मग दुसरं उत्तर येतं, जव्हार-मोखाडा. हे खरं आहे. मनोर सोडून विक्रमगडच्या बाजूला वळलं की पावसाळ्यात घाट, धुकं, दाभोसा, सूर्यमाळ. पण या ठिकाणांजवळ डांबरी रस्त्यानेच जाता येतं, साधी हॅचबॅकही जाते. खरा 'ऑफ-रोड' त्याच्या पलीकडे सुरू होतो आणि तिथे माणसं राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीत रस्ता नसल्याने बाळंत झालेल्या बाईला डोलीतून न्यावं लागलं, तिची जुळी बाळं वाचली नाहीत. तिथे फोर बाय फोर पोचली नसती, कारण चाकाला टेकायला वाटच नव्हती. आपल्याच जिल्ह्यात काहींना रस्ता सोडण्यात मजा वाटते आणि काहींच्या नशिबात तो अजून आलेलाच नाही. पाड्याच्या ओढ्यात गाडी घालून पाणी गढूळ करताना, त्या खालीच कुणीतरी हंडा भरत असेल हे ध्यानात असू द्या. तिथे रोजचं वाहन आहे प्रवासी जीप, दाटीवाटीने माणसं भरलेली, आणि तिचा ड्रायव्हर कुठल्याही यूट्यूबरपेक्षा चिखल जास्त ओळखतो. रस्त्याबाहेर गाडी चालवायला शिकायचं असेल तर त्याच्या शेजारी बसून एक पावसाळी फेरी करा. भाडंही फार नाही.

बरं, उरलेला वेळ गाडी कुठे असेल? बोईसर-चिल्हार रस्त्यावर केमिकलच्या टँकरमागे, नवापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये आणि मुंबई-अहमदाबाद हायवेवर. खरा धोका तिथे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री यांचा अपघात आपल्या चारोटीजवळच, सूर्या नदीच्या पुलावर झाला. गाडी महागडी होती, पण ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं तपासात पुढे आलं. म्हणून अ‍ॅप्रोच अँगलच्या आधी तारे बघा, मागच्या सीटचे बेल्ट ओढून बघा.

पैशाचंही बोलू, कारण तिथेच सगळे गप्प होतात. समजा १२ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता महिन्याला साधारण १९,३०० रुपये, एकूण व्याज सव्वाचार लाखांच्या आसपास. एक्स-शोरूमवर महाराष्ट्रात रोड टॅक्स वेगळा: दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. म्हणजे १३ लाखांच्या डिझेल गाडीला १ लाख ८२ हजार फक्त टॅक्स. वर विमा, डिझेल, टायर. पहिल्या नोकरीचा पगार किती असतो ते तुम्हाला माहीत आहे, मी आकडा लिहून मूड घालवत नाही. आणि मोठे टायर, उंच सस्पेन्शन, पुढचा लोखंडी गार्ड हे 'नंतर करू' म्हणून बजेटमध्ये धरलं असेल तर काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत.

माझं मत विचाराल तर ते असं. खरोखर पावसात, कच्च्या वाटांवर जायचंय आणि घरात दुसरी गाडी आहे, तर जिम्नी. घरातली पहिली आणि एकच गाडी घ्यायची असेल, पाच माणसं, हायवे, लग्नं, दवाखाना, तर फोर बाय फोरचे पैसे वाचवून रॉक्सचं साधं मॉडेल बघा, पण मग तिला ऑफ-रोड म्हणू नका आणि वाळूतही नेऊ नका. रोज चिखलातलं काम असेल तर गुरखा. तीन दरवाज्यांची थार फोर बाय टूमध्ये, केवळ दिसते म्हणून? तुमचे पैसे आहेत, पण मी दादाला नको म्हणेन. आणि हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्शाहून जास्त जात असेल तर यातली एकही नको, दोन वर्षं थांबा. थार कुठे पळून जात नाही.

टेस्ट ड्राइव्हला जाताना एक करा. शोरूमवाला तुम्हाला समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून आणेल. त्याला चिल्हार रस्त्याला, खड्ड्यांवरून नेऊ दे म्हणून सांगा, आणि स्वतः मागे बसा. सोबत आईला, जमलं तर आजीलाही न्या. आजीला चढता येतंय का, गुडघा दुखतोय का, मागे बसून मळमळतंय का, हे कुठल्याच रिव्ह्यूत नसतं.