ज्याला थांबता येते, त्याची संपत्ती

दसरा उलटला की वऱ्हाडात कापसाची वेचणी जोर धरते, आणि अकोला-अमरावतीच्या बाजारात कापूस येऊ लागला की भाव बहुधा उतरतात. मागणी-पुरवठ्याचा हा निसर्गनियमच आहे, असे सांगून विषय मिटवण्याची आपल्याकडे रीत आहे. असे सांगणारे अ‍ॅडम स्मिथची साक्ष काढतात. स्मिथने आणखी काय लिहिले, ते मात्र सोयीस्करपणे विसरतात.

स्मिथचा ग्रंथ 1776 चा. राष्ट्राची संपत्ती म्हणजे तिजोरीतले सोने-चांदी, ही त्या काळची समजूत त्याने खोडून काढली. राष्ट्राचे वार्षिक श्रम हाच संपत्तीचा उगम मानला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. मालक आणि मजूर यांच्या घासाघिशीत कोण जिंकतो, याचे उत्तरही त्याने दिले. मालक साठवलेल्या पुंजीवर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो. अनेक मजुरांना आठवडाही निभावत नाही. म्हणजे भाव ठरवणाऱ्या तराजूत मालाइतकेच थांबण्याच्या ऐपतीलाही वजन असते.

रिकार्डोने 1817 साली जमीनदाराचा खंड, भांडवलदाराचा नफा आणि मजुराचे वेतन यांतील वाटणी हाच अर्थशास्त्राचा मुख्य प्रश्न ठरवला. जमीनदार श्रम न करता खंड खातो, हे त्याने दाखवले. आपल्याकडे हा सिद्धांत आला तो मात्र सरकारी साऱ्याच्या रूपाने. माल्थस ज्या हेलीबरी कॉलेजात शिकवत असे, तेथे शिकलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने 1820 च्या दशकात पुणे प्रांतात मोजणी करून, निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक वाटा सरकारचा ठरवला. सरकारच जमीनदार झाले! रयत जमिनी टाकून जाऊ लागली आणि 1835 पासून नवी पाहणी हाती घ्यावी लागली.

निजामाकडून 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात, 1861 नंतर याच मुंबई पद्धतीची जमाबंदी सुरू झाली. तेव्हाच अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 साली ते युद्ध संपले, भाव कोसळले. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र कोसळले नाही. रोख हप्ता मुदतीत भरायचा, म्हणून कापूस मिळेल त्या भावाने विकायचा! मुंबईचा व्यापारी थांबू शकत होता, वऱ्हाडचा कुणबी नव्हे.

महाराष्ट्र शासनाने 1972 साली सुरू केलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ही या दुखण्यावरची खरी मात्रा होती. शेतकऱ्याच्या वतीने थांबण्याची ऐपत शासनाने स्वतःकडे घेतली होती. पुढे चुकारे रखडले, तोटा साचला, आणि 2002 च्या सुमारास व्यापाऱ्यांना खरेदी खुली होऊन एकाधिकार संपला. योजनेचा कारभार सदोष होता, हे आम्ही नाकारत नाही. पण कारभारातील दोषांबरोबर मूळ विचारही फेकून देणे, यात कोणते शहाणपण?

आणि शेतकऱ्यालाही एक प्रश्न विचारायलाच हवा. ऊन्हात वाकून किलोमागे मजुरीवर कापूस वेचणारी बाई संध्याकाळच्या पिठासाठीही थांबू शकत नाही. व्यापाऱ्यापुढे शेतकरी जितका दुबळा, तितकीच ती शेतकऱ्यापुढे दुबळी. तिला वगळून मागितलेला रास्त भाव हा न्याय नव्हे, फक्त वाटेकऱ्यांची अदलाबदल होय.

म्हणून मागणी दुहेरी हवी. तूर-सोयाबीनवर बाजार समित्यांत तारण कर्ज मिळते, तशी भरवशाची सोय कापसालाही गावाजवळ मिळावी. हमीभावाची खरेदी केंद्रे पहिल्या वेचणीलाच उघडावीत आणि चुकारा तत्काळ व्हावा. त्याचबरोबर वेचणीच्या दराला किमान वेतनाचा आधार हवा. संपत्ती श्रमातून निर्माण होते, हे अडीचशे वर्षांपूर्वी मान्य झाले. श्रम करणाऱ्याला थांबता येईल, अशी व्यवस्था उभारणे एवढेच बाकी आहे. आजवर टाळले गेले आहे तेही नेमके तेवढेच.