आधी मान्य करा, मग मागा



हवामान बदलते आहे म्हटले की आपल्या बैठकीत दोन सूर निघतात. एक म्हणतो, हे शहरी सुखवस्तूंचे चोचले. दुसरा म्हणतो, मान्य केले की उद्या बंधने शेतकऱ्याच्याच गळ्यात पडतील. ही दुसरी भीती खोटी नाही. पण वस्तुस्थिती मान्य करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे.

पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या पावसाच्या नोंदी तपासल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : मध्य भारतात पावसाळ्यातला एकूण पाऊस घटला, आणि मोठ्या मुलखावर एकदम कोसळणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. म्हणजे ज्वारी ओलीसाठी तरसते आणि कापूस बोंडावर आला की झोडपला जातो. हे आपण रानात भोगतोच आहोत.

बांधापलीकडेही तेच. आपल्या कापसाचे सूत जिथल्या यंत्रमागांवर चढते, ती भिवंडी २६ जुलै २००५ च्या पावसाने बुडवली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एका पुरावरून हवामान बदलले असे ठरत नाही, ते ठरते वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून. पण गिऱ्हाइकाचे सूत भिजले, तर कापसाचा भाव कोरडा राहत नाही.

मग हवा तापवली कोणी? जगभर जाळलेल्या कोळसा-तेलाचा वाटा किती आणि पावसावर पिकणाऱ्या ज्वारीचा किती, हा हिशेब मांडाच. हिशेबाला भ्यायचे ते आपण नव्हे.

मागायचे तर पुरावा हवा. सरकारी मदतीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी महसूल मंडळाच्या यंत्रावर मोजतात. यंत्र एक, गावे अनेक. ढग शेजारच्या शिवारात फुटला, तर आपले नुकसान कागदावर येतच नाही. म्हणून गावोगाव पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी पाऊस वहीत लिहा, किती दिवसांचा खंड पडला तेही लिहा. हिवरे बाजारचे गावकरी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. आपल्यालाही ते जमेल.

गावागावांत यंत्र, नुकसानीप्रमाणे पीकविमा आणि खंडात तगणारे बियाणे, या आपल्या मागण्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने पावसाची वही सोबत आणावी.