विषय न पाहता निकाल नको
‘एमएस्सीला भवितव्य नाही’ हे गेल्या अंकातील पत्र मला मुळीच पटले नाही. विषय कोणता, हे पत्रलेखकाने विचारातच घेतलेले नाही. भूविज्ञान घ्या. यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळातील पदे भरतात. तिथे पदव्युत्तर पदवी लागतेच. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, म्हणून एका शेतातल्या विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडे कोरडा खडक. तो खडक ओळखणारी माणसे गावोगाव हवी आहेत. प्रवेशापूर्वी मात्र क्षेत्रभेटी किती होतात, सूक्ष्मदर्शक चालू आहेत का, हे विभागात जाऊन पाहावे. पालकांनो, ऐकीव धास्तीपोटी मुलांना अडवू नका.
– भूविज्ञानाचा एक शिक्षक