गगनचुंबी इमारतींचा जनक कोण?

भांडवली इतिहासलेखनाला प्रत्येक गोष्टीचा एक ‘जनक’ लागतो. गगनचुंबी इमारतींचे जनकत्व विल्यम ली बॅरन जेनी या वास्तुविशारदास बहाल झाले आहे. शिकागो येथे १८८५ साली उभी राहिलेली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत ही त्याच्या प्रतिभेची देणगी मानली जाते. जेनीचे कौशल्य आम्ही नाकारीत नाही. प्रश्न एवढाच, की ही प्रतिभा नेमकी त्याच काळी व त्याच शहरी का फुलली?

उत्तर जमिनीच्या भावात आहे. १८७१ च्या भीषण आगीत शिकागोचा मध्यभाग भस्मसात झाला. नदी, सरोवर आणि रेल्वे यांनी वेढलेल्या त्या भूभागावर पुन्हा व्यापारी कचेऱ्यांची गर्दी उसळली आणि जागेच्या किमती भडकल्या. त्याच तुकड्यावर अधिक मजले, म्हणजे मालकाला अधिक भाडे! ओटिसच्या सुरक्षित लिफ्टमुळे वरचे मजलेही भाड्याने जाऊ लागले. अडसर होता तो भिंतींचा. इमारत जितकी उंच, तितकी विटांची भिंत जाड. शिकागोच्याच सोळा मजली मोनॅडनॉक इमारतीत (१८९१) तळाशी भिंतींची जाडी सुमारे सहा फूट आहे. भाड्याची जागा भिंतच गिळत होती! धातूच्या सांगाड्याने भार पेलला, भिंत पातळ झाली आणि मालकाचे उत्पन्न वाढले.

परंतु पोलाद ओतणारे व तुळया चढविणारे हात कोणाचे होते? होम इन्शुरन्स इमारत पूर्ण झाल्यावर वर्षभरातच, १ मे १८८६ रोजी, शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले. उत्तरादाखल १८८७ साली चौघांना फाशी देण्यात आली. १८९२ साली कार्नेगीच्या होमस्टेड पोलाद कारखान्यात संपकऱ्यांवर पिंकर्टनचे भाडोत्री बंदूकधारी सोडण्यात आले.

१०२ मजली एम्पायर स्टेट इमारतीचे उद्घाटन १९३१ साली झाले, तेही १ मे रोजीच! महामंदीने लाखो कामगार बेकार झाले होते आणि या इमारतीचे मजलेच्या मजले भाडेकरूंविना रिकामे पडले होते. नफ्यासाठी बांधलेल्या उंचीची ही शोकांतिका होय.

आमचे भांडण उंचीशी नाही. लिफ्ट व पोलादी सांगाडा ही मानवी श्रमाची व बुद्धीची थोर फलिते आहेत. आमचे भांडण त्या फलितांच्या मालकीशी आहे. जेनीचे नाव पाठ्यपुस्तकांत खुशाल राहो. पण त्याच पानावर शिकागोच्या कामगारांचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे!