बैलाचे शेण बघता, आईचे पोट कोण बघणार?

सकाळी गोठ्यात शिरलेला शेतकरी आधी काय बघतो? रात्रीची वैरण संपली का, बैलाने रवंथ धरली का आणि शेण कसे टाकले आहे. शेण पातळ झाले, खडे पडले किंवा त्यात आव दिसली, तर शहाणा माणूस त्या दिवशी बैल औताला जुंपत नाही. डाव्या कुशीला पोट फुगलेले दिसले की रात्री-अपरात्री जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो. डॉक्टरही पहिला प्रश्न तोच करतात, "शेण कधी टाकलं? कसं टाकलं?" त्याचे उत्तर चारचौघांत मोठ्याने दिले जाते. त्यात कुणाला लाज वाटत नाही, आणि वाटूही नये.

त्याच घराच्या ओसरीवर म्हातारी आई बसलेली असते. तिला पाच दिवस परसाकडे झालेले नसते. जेवण निम्म्यावर आलेले असते, पोट दगडासारखे झालेले असते. घरात कुणाला पत्ता नसतो. म्हातारी सांगत नाही आणि मुलगा विचारत नाही. सुनेला शंका आलेली असते, पण ती बोलायची कुणापुढे? उपकेंद्राच्या नर्सबाई किंवा आशाताई दारात येऊन विचारतात, "आजी, पोट साफ होतं का?" तेव्हा आजी पदर तोंडाला लावते आणि म्हणते, "बरं हाय की समदं." मुलगा तोवर उठून अंगणात गेलेला असतो. बाईंच्या वहीत "तक्रार नाही" अशी नोंद होते आणि दुखणे आणखी महिनाभर आत मुरते.

नर्सबाईंचा हा प्रश्न म्हणजे उगाच चौकशी नव्हे. ती तपासणीच आहे. नाडी बघणे, रक्तदाब मोजणे याच्या बरोबरीची ती गोष्ट आहे. ताप मोजायला यंत्र आहे, पण शौचाचा हिशेब फक्त माणसाच्या तोंडूनच कळतो. तो खोटा सांगितला, तर पुढचे सगळे उपचार चुकीच्या वाटेने जातात.

बाई काय विचारतात ते नीट समजून घ्यावे. किती दिवसांनी होते? पूर्वी कसे होते आणि आता काय बदलले? घट्ट खडे पडतात की पाण्यासारखे होते? फार कुंथावे लागते का? रंग कसा आहे? रक्त किंवा आव पडते का? भूक कशी आहे, वजन उतरले का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? रोज झालेच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढ्या मर्यादेत निरोगी माणसांच्या सवयी वेगवेगळ्या असतात. बघायचे ते हे, की ज्याची जी सवय होती ती मोडली का. बैलाच्या बाबतीत आपण नेमके हेच बघतो.

खेड्यात पोट जड होण्याची कारणे खेड्यातलीच आहेत. बाया दिवसभर रानात असतात. आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि आलेली कळ दाबून धरतात. म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेले असतात. उकिडवे बसवत नाही, बसले तर उठवत नाही. "संडासला जायला नको म्हणून रातचं जेवतच न्हाई," असे सांगणारी माणसे गावोगाव भेटतील. दातांअभावी भाकरी आणि पालेभाजी सुटते, चहा-बिस्किटावर दिवस निघतो. लोहाच्या गोळ्यांनी काहींचे पोट घट्ट होते. कित्येक बाया "मिश्री लावल्याबिगर होतच न्हाई" म्हणून तंबाखूच्या आहारी गेलेल्या आहेत. कुणी एरंडेलाची रोजची सवय लावून घेतो, तर कुणी जमालगोट्यासारखा जहाल जुलाब घेऊन अंथरूण धरतो. यातल्या बहुतेकांना आधी औषध लागतच नाही. पुरेसे पाणी, पालेभाजी, थोडी हालचाल आणि सकाळच्या चहा-न्याहारीनंतर निवांत पंधरा मिनिटे एवढ्याने बराच फरक पडतो. पोटात काही गेले की आतडे आपोआप हालते, म्हणून ही वेळ साधायची. इसबगोल घेतलाच, तर भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. कमी पाण्यात तो उलट अडकून बसतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. आठ-आठ दिवस न झालेल्या माणसाला एकाएकी पातळ गळू लागते, कपडे भरतात. घरचे समजतात, जुलाब लागले. दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणतात. प्रत्यक्षात पुष्कळदा आत वाळलेल्या मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. बोळा बसलेल्या पाइपातून कडेने पाणी गळावे, तसा प्रकार. त्यावर थांबवायची गोळी दिली की दुखणे दुप्पट होते. आधी कधी झाले होते, एवढा एक प्रश्न विचारला तरी ही चूक टळते. अशा वेळी घरी साबणाच्या पाण्याचा एनिमा देत बसू नये. नर्सबाईंना बोलवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. माणसाची कूस बदलावी, अंग लगेच धुऊन कोरडे करावे. नाहीतर कातडी सोलते आणि जखम चिघळते.

दुसरी गोष्ट रक्ताची. शौचावाटे रक्त पडले की गावात एकच निदान होते, मूळव्याध. एसटी स्टँडच्या भिंतीवर "शर्तिया इलाज"च्या पाट्या आहेतच. मग दोन वर्षे जडीबुटी, धागा आणि मलम. पुष्कळांना मूळव्याधच असते हे खरे. पण आतड्याच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच होऊ शकते, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. डॉक्टरांनी बोट घालून केलेली तपासणी एक-दोन मिनिटांची असते. त्या दोन मिनिटांच्या लाजेपायी कर्त्या माणसाचा जीव पणाला लावणे हा कुठला शहाणपणा? रक्ताबरोबर वजन उतरत असेल, सवय बदलली असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, तर एक दिवसही घरी काढू नये. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली, तर पोटात वर कुठे तरी रक्तस्राव झालेला असू शकतो. सांधेदुखीच्या गोळ्या मनाने खाणाऱ्यांना हा धोका अधिक. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्यांनी काळपट होते ते वेगळे. त्या भीतीने गोळ्या बंद करू नयेत, शंका आली तर बाईंना विचारावे.

तान्ह्या लेकरांच्या हगवणीत तर तासांचा हिशेब असतो. किती वेळा झाले, लघवी झाली का, डोळे खोल गेले का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते का, हे आईने सांगायचे आणि नर्सबाईंनी बघायचे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात भरून ठेवले आणि नातेवाइकांच्या हातूनच रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. डॉ. महालनबीस 2022 मध्ये गेले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ते औषध आज आशाताईंच्या पिशवीत आहे. एक लिटरच्या पुडीला एक लिटरच स्वच्छ पाणी घ्यावे, आणि कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्याव्यात. हगवण थांबली म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. अंगावरचे दूध तोडू नये. मूल पाणी पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा शौचात रक्त असेल, तर गाडी काढावी.

मोठ्या माणसाचे पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि शौच नाही, वाराही सरत नाही, असे झाले तर जुलाबाचे औषध मुळीच देऊ नये. आतडे अडलेले असू शकते. थेट रुग्णालय गाठावे.

आता लाजेविषयी. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा "हागणदारी" हा शब्द आपण ग्रामसभेत कर्ण्यावरून उच्चारला. गुड मॉर्निंग पथके पहाटे रस्त्यावर उभी राहिली. 2018 मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि वेशीवर तसे फलक लागले. ज्या गावाने हा शब्द वेशीवर रंगवला, त्या गावाने स्वतःच्या आईला "झालं का गं?" एवढे विचारायला कचरावे, हे पटण्यासारखे नाही. संडास बांधला, पण त्यात बसणाऱ्या माणसाची विचारपूस मात्र राहून गेली.

यात सगळा दोष घरच्यांचा नाही. सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. तिथल्या आरोग्यसेविकेने लसीकरण, बाळंतपणे आणि नोंदवह्या सांभाळून घरोघरी पोटाची चौकशी करायची. तीही कुठे? बाकावर, दहा जणांच्या देखत. अशा ठिकाणी खरे कोण सांगणार?

म्हणून सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांना आमचे चार गोष्टींचे सांगणे आहे. उपकेंद्रात आणि अंगणवाडीतल्या महिन्याच्या आरोग्य दिनाला एक आडोसा करा. पडदा लावला तरी चालेल, पण बाहेर ऐकू जाता कामा नये. दुसरे, उपकेंद्राच्या संडासाला पाणी आणि भिंतीला धरायची दांडी हवी. तिसरे, ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून भोक पाडलेल्या दोन-तीन खुर्च्या घेऊन ठेवा आणि ज्या घरात म्हातारे माणूस आहे त्या घराला वापरायला द्या. गावचा सुतारही त्या करून देईल. चौथे, पुरुषमंडळी नर्सबाईंशी बोलायला लाजत असतील, तर आरोग्यसेवकाचा गावात येण्याचा वार ठरवून घ्या आणि तो फळ्यावर लिहा.

आणि शेतकरी बंधूंना एकच विनंती. उद्या सकाळी गोठ्यातून शेणाचे हात धुऊन आलात की ओसरीवर क्षणभर टेका. "आई, पोट साफ झालं का?" असे सहज विचारा. पहिल्या दिवशी ती हसेल, दुसऱ्या दिवशी उडवून लावेल. तिसऱ्या दिवशी मात्र सांगेल. तिने सांगितले, की नर्सबाईंना निरोप धाडा.