उरलेल्या दिवसातले बुद्ध

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या थायलंडच्या सहलींचा साचा वर्षानुवर्षं फारसा बदललेला नाही. आधी पट्टाया, कोरल बेटाची स्पीडबोट, रात्रीचा शो. मग बँकॉकला सफारी वर्ल्ड आणि मॉलमधली खरेदी. शेवटी रात्रीच्या विमानापर्यंतचा एक दिवस शिल्लक राहतो. त्याला ‘हाफ डे सिटी टूर’ म्हणतात आणि त्यात दोन बुद्धमंदिरं बसवलेली असतात: वाट त्रैमितमधला सुवर्णबुद्ध आणि वाट बेंचमाबोफित हे संगमरवरी मंदिर. तिथून बस जाते ती थेट रत्नांच्या दुकानात. मंदिरात घाई करणारा गाइड तिथे मात्र एकदम निवांत होतो!

शेवटच्या दिवशी मंदिरं बघण्यात गैर काही नाही. खरेदी आटोपलेली, बॅगा बांधलेल्या. शांतपणे बघायला याहून चांगला दिवस कुठला? पण हा दिवस ‘उरलेला’ समजला जातो, म्हणून हातात काही लागत नाही.

वाट त्रैमितचंच घ्या. तिथली मूर्ती सुमारे 3 मीटर उंच आणि साडेपाच टन वजनाची आहे. कित्येक वर्षं ती चुन्याच्या लेपाखाली होती. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तो लेप चढवला असावा, असं मानतात. 1955 साली नव्या जागी हलवताना मूर्ती खाली आदळली, लेपाचा टवका उडाला आणि आतलं सोनं दिसलं. ही हकीकत कळल्यावर माणूस मूर्तीकडे दुसऱ्यांदा बघतो. बसमधून घाईघाईने उतरलेल्या मंडळींना ‘हे सोन्याचं आहे, फोटो काढा’ एवढंच ऐकायला मिळतं. ‘देवळं काय, आपल्याकडे कमी आहेत का?’ हा बसमधला नेहमीचा सूरही मग फारसा चुकीचा वाटत नाही.

यावर उपाय सोपा आहे. शहरभर फिरू नये, नदीकाठच्या जुन्या भागात दोनच ठिकाणं धरावीत: सकाळी वाट फो, मग होडीने पलीकडे वाट अरुण. राजवाडा आणि तिथल्या पाचूच्या बुद्धाचं मंदिर या दिवशी सोडलेलंच बरं. तिथल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर ‘रामकियेन’ म्हणजे थाई रामायणाचे 178 चित्रप्रसंग आहेत. विमानाच्या वेळेकडे डोळा ठेवून ते बघता येत नाहीत. शिवाय तिथलं तिकीट दुपारी साडेतीनलाच बंद होतं.

वाट फोतला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातलं महापरिनिर्वाणाचं शिल्प ज्यांनी पाहिलंय, त्यांना उजव्या कुशीवरची ही मुद्रा ओळखीची वाटेल. अजिंठ्याची मूर्ती सुमारे 7 मीटरची, पाचव्या शतकातली. बँकॉकची थायलंडचा राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीतली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. अजिंठ्यात खाली शोक करणारे शिष्य कोरलेले आहेत आणि सगळं दृश्य दुःखाने भरलेलं आहे. इथे सोन्याचा झगमगाट आहे, आणि तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हं. एकाच प्रसंगाकडे बघण्याच्या या दोन तऱ्हा मराठी माणसाला जितक्या सहज कळतील, तितक्या दुसऱ्या कुणाला क्वचितच कळतील.

बहुतेक लोक मूर्ती पाहून बाहेर पडतात आणि खरा खजिना मागे राहतो. तिसऱ्या रामानेच वाट फोच्या आवारात शिलालेख बसवले. त्यांत वैद्यक आहे, मालिश आहे, साहित्य आहे. हे शिलालेख 2011 साली युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत आले. बाजूला आसनं करणाऱ्या ऋषींचे पुतळे आहेत. थाई मालिशची परंपरा आपलं मूळ जीवकापाशी, म्हणजे बुद्धाच्या काळातल्या वैद्यापाशी नेते, आणि ती शिकवणारी शाळा या आवारात 1955 साली सुरू झाली. पट्टायाच्या रस्त्यावर मालिशच्या पाट्या पाहून हसणाऱ्यांनी इथे जरूर यावं.

महाराष्ट्रातले अनेक बौद्ध प्रवासी सहलींच्या या साच्याच्या नेमकं उलट करतात. त्यांच्या सहलीत विहार आधी, वंदना आधी, बाजार नंतर. आपल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. त्या मूर्ती रोज पाहणाऱ्याला बँकॉकच्या मंदिरात कसं वागायचं हे सांगावं लागत नाही. इतरांनी निदान एवढं पाळावं: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मूर्तीकडे पाय करून बसू नये, बाईने भिक्खूला स्पर्श करू नये. आणि मंदिराबाहेर कुणी गोड बोलून ‘आज बंद आहे’ म्हणालं, तर त्याच्या टुकटुकमध्ये बसू नये. ती वाट पुन्हा रत्नांच्या दुकानातच जाते.

आता प्रश्न आठवण म्हणून घेतलेल्या मूर्तीचा. बुद्ध ही शोभेची वस्तू नव्हे, असं सांगणारे फलक बँकॉकमध्ये ठिकठिकाणी आहेत. गळ्यातला छोटा ताईत चालतो, पण बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला थायलंडच्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. विमानाच्या दिवशी तो मिळवणं जमणार नाही, म्हणून शेवटच्या दुपारी मूर्ती विकत घेऊ नका.