घरातील बागेस दिवा कोणता?

कर्जत व खालापूर तालुक्यांत आषाढ-श्रावणात आभाळ दिवसेंदिवस भरलेले असते. परसातील पालेभाजी कुजते. अशा वेळी पडवीत कुंड्या मांडून त्यांवर विजेचा दिवा लावावा, असे नवशिक्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु महागडा जांभळा दिवा घेण्याची घाई करू नये.

वनस्पती तांबड्या व निळ्या प्रकाशाचा विशेष उपयोग करतात, हे खरे. पण साध्या पांढऱ्या एलईडी नळीतही हे दोन्ही रंग असतात. शिवाय पांढऱ्या उजेडात पानांवरील कीड व पिवळेपणा वेळीच दिसतो. जांभळ्यात तो झाकला जातो.

20 वॅटच्या दोन नळ्या शेंड्यांपासून वीतभर उंचीवर टांगून रोज 14 तास लावाव्यात. त्या छताजवळ ठेवल्यास प्रकाश विखुरतो व रोपे लुकडी वाढतात. या वापरास महिन्याला सुमारे 17 युनिट वीज लागते. हा खर्च हाती येणाऱ्या भाजीशी ताडून पाहावा. मेथी, कोथिंबीर व लहान रोपे एवढ्यावर साधतात. टोमॅटो, मिरचीस फळे धरण्यासाठी पुष्कळ अधिक प्रकाश लागतो. दमट हवेत वीजजोडणी जाणत्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

तथापि, कौलारू घरात आधी दोन-चार काचेची कौले बसवावीत. ज्या प्रकाशाचे बिल येत नाही तो प्रथम वापरावा, उणीव राहिल्यासच दिवा घ्यावा, हाच सल्ला गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी देणे इष्ट होय.